मध्येच उतरायचे कोणी? दिवा, ब्रुसेल्स आणि दासगाव



डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. २५ डिसेंबरला क्रांतिभूमीवर जायच्या तयारीसाठी खाडीपट्ट्यातले आम्ही दहा-बारा कार्यकर्ते तुडीलला जमलो होतो. गाड्या किती लागतील, जेवणाचे काय, पुस्तकांच्या स्टॉलवर कोण बसणार, एवढाच विषय होता. तेवढ्यात लंडनला शिकायला गेलेल्या आमच्या एका मित्राचा व्हिडिओ कॉल आला. तो ॲमस्टरडॅमहून लंडनला परत निघाला होता आणि ब्रुसेल्स स्टेशनवर बॅगा घेऊन रांगेत उभा होता. हसत हसत म्हणाला, "अरे, इथे पण दिवा आहे!"

खाडीपट्ट्यातल्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. कोकणातून पॅसेंजरने मुंबईला निघालेल्या माणसाला दिव्याला सामान, पोरेबाळे, तांदळाचे पोते घेऊन उतरावे लागते आणि लोकलच्या गर्दीत शिरावे लागते. आम्ही सगळे हसलो. पण बैठकीतले एक ज्येष्ठ काका हसले नाहीत. ते म्हणाले, "तिकडची तीनशेच्या वेगाची गाडी आणि इकडची आपली पॅसेंजर. तुम्ही पोरं कशाचा कशाला संबंध जोडता? आपल्या चळवळीचं यात काय?"

काकांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यावे म्हणूनच हा लेख.

तिकडे नेमके काय होते?

लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स आणि ॲमस्टरडॅम या शहरांना जोडणारी गाडी म्हणजे युरोस्टार. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मध्ये समुद्राखालून सुमारे ५० किलोमीटरचा बोगदा आहे. तो मे १९९४ मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरपासून त्यातून प्रवासी गाड्या धावू लागल्या. ताशी ३०० किलोमीटर वेग. लंडन ते पॅरिस सव्वादोन तासांच्या आसपास.

एवढ्या वेगाच्या गाडीला सीमेवर तासभर उभे करून डब्याडब्यात पासपोर्ट तपासत बसले तर वेगाला अर्थ काय उरला? म्हणून इंग्लंड आणि फ्रान्सने करार करून एक वेगळी पद्धत काढली. दोन्ही देशांची तपासणी प्रवास सुरू होण्याआधीच, एकाच स्टेशनवर. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर तुम्ही गाडीत बसण्यापूर्वीच फ्रान्सचे पोलीस तुमचा पासपोर्ट तपासतात. पॅरिसच्या स्टेशनवर ब्रिटनचे अधिकारी बसलेले असतात. एका देशाच्या जमिनीवर दुसऱ्या देशाचा पोलीस! आपल्याकडे कोणी असे सुचवले असते तर राष्ट्रवादाच्या नावाने केवढा गदारोळ झाला असता. पण तिथे प्रवाशाची सोय महत्त्वाची ठरली. एकदा तपासले की पुढे कोणी हात लावत नाही.

ॲमस्टरडॅमची गोष्ट मात्र वेगळी. एप्रिल २०१८ मध्ये लंडनहून ॲमस्टरडॅमला थेट गाडी सुरू झाली. जाताना थेट, पण येताना नाही. परतीच्या प्रवाशाने ब्रुसेल्सला उतरायचे, सामान तपासून घ्यायचे, पासपोर्ट दाखवायचा आणि दुसऱ्या गाडीत बसायचे. कारण ॲमस्टरडॅममध्ये ब्रिटिश तपासणीची व्यवस्था नव्हती आणि त्यासाठीचा करारही पूर्ण झाला नव्हता. रूळ तेच, अंतर तेच. अडचण होती ती टेबल मांडायची आणि कागदावर सही करायची. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ती सुटली आणि परतीचा प्रवासही थेट झाला. पुढे ॲमस्टरडॅमचे स्टेशन नव्याने बांधायला घेतले तेव्हा तपासणीची जागाच गेली. जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात पुन्हा ब्रुसेल्सला उतरणे आले. आमचा मित्र नेमका त्या काळात सापडला. आता तिथे आधीपेक्षा मोठी जागा बांधून झाली आहे आणि गाडी पुन्हा थेट धावते.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. प्रवाशाला मध्येच उतरवणे हा निसर्गाचा नियम नसतो. तो निर्णय असतो. कोणीतरी ठरवते म्हणून माणूस उतरतो, आणि कोणीतरी ठरवले की उतरणे बंद होते.

आपल्या उपखंडात

हे फक्त युरोपचे शहाणपण आहे असे समजू नका. कोलकाता-ढाका मैत्री एक्सप्रेस १४ एप्रिल २००८ ला सुरू झाली. तेव्हा प्रवाशांना भारताच्या बाजूला गेदे आणि बांगलादेशच्या बाजूला दर्शना अशा दोन्ही स्टेशनांवर सामानासकट उतरावे लागे. म्हातारी माणसे, उपचारासाठी कोलकात्याला येणारे रुग्ण, सगळे रांगेत. नोव्हेंबर २०१७ पासून ही तपासणी कोलकाता आणि ढाका या दोन टोकांच्या स्टेशनांवर नेली आणि मधले उतरणे संपले. म्हणजे आपल्याला जमत नाही असे नाही. अर्थात जुलै २०२४ पासून ती गाडीच बंद आहे. समझौता एक्सप्रेस १९७६ ला सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९ पासून बंद पडली. थार एक्सप्रेसचेही तेच. सरकारे भांडली की पहिल्यांदा सामान्य माणसाची गाडी थांबते. विमानाने तिसऱ्या देशातून फिरून जाणाऱ्याचे फारसे बिघडत नाही.

आणि सीमेची ही तपासणी आपल्या मराठी मुलखानेही पाहिली आहे. १९६१ पूर्वी गोवा पोर्तुगीजांकडे होता तेव्हा बेळगावकडून रेल्वेने गोव्यात जाणाऱ्याला कॅसल रॉकला एक सरकार तपासायचे आणि घाट उतरल्यावर कुळे स्टेशनवर दुसरे. याच कुळे स्टेशनवर सप्टेंबर १९४६ मध्ये डॉ. राममनोहर लोहियांना पोर्तुगीजांनी अटक केली. कोणाला पुढे जाऊ द्यायचे आणि कोणाला उतरवायचे हे ठरवण्याची सत्ता स्टेशनावर नेहमीच उघडी दिसते. ज्यांना ती सत्ता कधी जाणवली नाही त्यांना स्टेशन म्हणजे फक्त चहाची टपरी आणि पुस्तकाचा स्टॉल वाटतो.

आम्हाला तसे वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगतो.

व्हिसाची वाट पाहणारा मुलगा

बाबासाहेबांनी आपल्या आयुष्यातल्या अस्पृश्यतेच्या अनुभवांची जी छोटी टिपणे लिहिली, त्यांना नाव आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. व्हिसाची वाट पाहताना. मित्रांनो, हे नाव कधी थांबून वाचले आहे का? त्या टिपणांत परदेशी वकिलातीचा व्हिसा कुठेच नाही. आपल्याच देशात, आपल्याच गावात, आपल्याच पाण्यापर्यंत जायला ज्याला परवानगी लागते त्या माणसाची ती हकिकत आहे.

आणि तिची सुरुवात होते रेल्वे स्टेशनवर. १९०१ साल. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे नवे कपडे घालून साताऱ्याहून वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. घ्यायला कोणी आले नव्हते. स्टेशन मास्तरने आपुलकीने चौकशी केली आणि मुलांच्या तोंडून जात कळताच त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकायला तयार नाही. तो पायी चालला आणि पोरांनी गाडी हाकली. वाटेत जेवण बरोबर होते, पाणी नव्हते. जकातनाक्यावर पाणी मागितले तेही मिळाले नाही. रात्र तशीच काढली.

स्टेशन, गाडी बदलणे, नाका, चौकशी. आंतरराष्ट्रीय प्रवासात जे जे असते ते सगळे त्या एका प्रवासात आहे. फरक एकच. तिथे कुठलाही कागद दाखवून सुटका होणार नव्हती.

पुढचे पाहा. १९१३ ला सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले. १९१६ ला लंडनला आले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ ला अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. समुद्रात पाणबुड्या बोटी बुडवत होत्या. त्या काळात ते लंडनहून रेल्वेने फ्रान्समधल्या मार्सेलिसला आले आणि तिथून बोटीने मुंबईला. त्यांची पुस्तके आणि सामान ज्या दुसऱ्या बोटीवर होते ती बोट बुडवली गेली. पण माणूस सुखरूप पोचला. युद्ध पेटलेल्या युरोपातून एक भारतीय विद्यार्थी सीमा ओलांडून येऊ शकला.

आणि बडोद्याला? तिथे नोकरीवर रुजू व्हायला गेलेल्या या उच्चविद्याविभूषित माणसाला राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी सराईत राहावे लागले. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन दारात आले आणि जाब विचारू लागले. मार्सेलिसची सीमा ओलांडता आली, बडोद्याची नाही.

१९२९ ला चाळीसगावला तेच. स्टेशनवर उतरलेल्या बाबासाहेबांना वस्तीपर्यंत न्यायला एकही टांगेवाला तयार नव्हता. शेवटी टांगा मिळाला पण हाकायला आपलाच माणूस बसला, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती. टांगा उलटून बाबासाहेबांना दुखापत झाली. रेल्वेने त्यांना चाळीसगावपर्यंत आणले होते. शेवटच्या त्या छोट्या अंतरात जातीने त्यांना खाली पाडले.

म्हणून आम्ही म्हणतो, वेग म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. गाडी किती जोरात धावते हा पहिला प्रश्न नाही. मध्येच कोणाला उतरवले जाते, हा पहिला प्रश्न आहे.

दासगावचा धक्का

तुडीलमधून खाडीकडे पाहिले की पलीकडच्या अंगाला दासगाव. आम्ही ज्या मातीत वाढलो तिचा हा इतिहास आम्हाला शाळेच्या पुस्तकाने सांगितला नाही, आईबापांनी सांगितला. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर सनातन्यांनी सभेहून परतणाऱ्या आपल्या माणसांना मारले. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले. तेव्हा बाबासाहेब आणि सत्याग्रही मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले आणि सावित्रीच्या खाडीने दासगावला उतरले. धक्क्यावर पोलीस अधिकारी कलेक्टरचे पत्र घेऊन उभे होते. तळ्याच्या पाण्यावर कोर्टाचा मनाई हुकूम आधीच लागला होता. दासगावपासून महाडपर्यंत आपली माणसे शिस्तीने चालत गेली. सभेच्या मांडवाला महाडात कोणी हिंदू जमीन देईना. ती दिली फत्तेखान या मुस्लीम गृहस्थाने. २५ डिसेंबरला त्या मांडवासमोर मनुस्मृती जाळली गेली. आणि पाण्याच्या हक्काचा निकाल मुंबई उच्च न्यायालयातून यायला १७ मार्च १९३७ उजाडले.

पासपोर्टच्या रांगेत चार तास उभे राहावे लागले म्हणून कोणी हळहळ व्यक्त करते. आपल्या माणसांनी एका तळ्याच्या व्हिसासाठी दहा वर्षे काढली. दासगावचा धक्का हीच आमची पहिली सीमा चौकी होती.

दोन्ही तपासण्या सारख्या नाहीत

इथे एक गफलत टाळली पाहिजे. सभांमधून कधी कधी भावनेच्या भरात म्हटले जाते की पासपोर्ट तपासणी म्हणजे जातीयवादच. हे आम्हाला मान्य नाही. देशाची सीमा आणि जातीची सीमा यांत मूलभूत फरक आहे.

देशाच्या सीमेवरचा नियम लिहिलेला असतो. कोणता कागद लागेल, फी किती, मुदत किती, हे आधी कळते. नाकारले तर कारण मागता येते, अपील करता येते. कागद बदलतो, नागरिकत्वही बदलते. जातीच्या सीमेवर नियम कुठेच लिहिलेला नाही, तरी सगळ्यांना पाठ आहे. तपासणारा कोणताही असतो. घरमालक, सहप्रवासी, मुलाखत घेणारा, लग्न जुळवणारा. आडनाव विचारले की शिक्का बसला. अपील कुठे करणार? आणि हा शिक्का जन्माने लागतो, मरेपर्यंत पुसत नाही.

पण म्हणून देशाच्या सीमा निष्पाप आहेत असेही नाही. युरोपात १९८५ च्या शेंगेन करारातून अनेक देशांनी आपापसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकली. जग त्याचे कौतुक करते आणि ते योग्यच आहे. पण त्याच युरोपाने बाहेरची भिंत उंच केली. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बाहेरच्या देशांतल्या प्रवाशांचे बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो सीमेवर नोंदवणे सुरू झाले आहे. आतल्या सीमाही परत डोके वर काढत आहेत. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली. अशा वेळी गाडीत पोलीस चढले की कोणाकडे आधी पाहतात, हे काळ्या-सावळ्या माणसाला विचारा.

आपल्या सरकारची सीमाही पाहा. आखाती देशांत मजुरीला जाणाऱ्या ज्या माणसाने दहावी पास केलेली नाही, त्याच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआरचा शेरा पडतो आणि त्याला वेगळी मंजुरी घ्यावी लागते. हेतू मजुराचे संरक्षण हा आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण ज्याला शाळेने बाहेर ठेवले त्यालाच विमानतळावर जास्तीचा कागद मागितला जातो. खाडीपट्ट्यातून आखातात गेलेल्या किती घरांना, मुस्लीम असोत की बौद्ध, हे माहीत आहे. 'शिका' या शब्दाचा एक अर्थ पासपोर्टच्या पानावर असा छापलेला आहे.

जात मात्र बिनव्हिसा जाते

आमच्या त्या मित्राने फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली. ब्रुसेल्सला त्याचा पासपोर्ट पाहिला, बॅग यंत्रातून गेली, दोन प्रश्न विचारले, संपले. पण लंडनला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात एका भारतीय विद्यार्थ्याने त्याला विचारले होते, "पूर्ण नाव काय? म्हणजे आडनाव? गाव कुठलं?" प्रश्न तीन, उद्देश एक.

जगातल्या कोणत्याही सीमेवरचे यंत्र जात पकडू शकत नाही. ती बॅगेत नसते, डोक्यात असते. म्हणून ती बिनव्हिसा, बिनतिकीट, थेट गाडीने जगभर पोचली. तिला कुठेच उतरून गाडी बदलावी लागली नाही. आता काही ठिकाणी तिला अडवायला सुरुवात झाली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटल शहराने जातीवरून होणाऱ्या भेदभावाला कायद्याने बंदी घातली. पण त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेल्या तशाच विधेयकावर तिथल्या गव्हर्नरने सही केली नाही. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा उल्लेख आणण्याची तरतूद होती. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने वेगळा कायदा करण्याचा विचार सोडून दिला आणि न्यायालयांवर भिस्त ठेवली. ही खरी सीमेवरची लढाई आहे आणि ती आपल्या परदेशी गेलेल्या भावाबहिणींनी चालवली आहे. त्यांना आमचा क्रांतिकारी जय भीम.

मग दिव्याचे काय?

आता काकांच्या प्रश्नाकडे. ॲमस्टरडॅमचा प्रवासी ब्रुसेल्सला उतरत होता तेव्हा त्याला निदान कारण माहीत होते, मुदत माहीत होती, आणि ती मुदत पाळली गेली. आपल्या दिव्याचे कारण काय आणि मुदत किती?

दादर-रत्नागिरी पॅसेंजर ही कोकणच्या गरीब माणसाची गाडी. महाड तालुक्यातल्या वीर, करंजाडी, विन्हेरे यांसारख्या छोट्या स्टेशनांवर थांबणारी. कोविडमध्ये गाड्या बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा ही गाडी दादरला न जाता दिव्यालाच संपू लागली. लोकलची गर्दी आणि वेळापत्रक अशी कारणे दिली जातात. प्रवासी संघटना ती दादरपर्यंत न्या म्हणून मागणी करत आल्या आहेत. दुसरीकडे २७ जून २०२३ ला मुंबई-मडगाव वंदे भारत सुरू झाली. तिला मुंबईत जागा मिळाली, वेळ मिळाली, फलाट मिळाला. महाड तालुक्यात मात्र तिला थांबा नाही.

आणि दादर म्हणजे आमच्यासाठी काय, हे सांगायला हवे का? ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघालेली म्हातारी आई दिव्याला उतरते. जिना चढते, जिना उतरते, लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या गर्दीत स्वतःला कोंबते. २० मार्चला मुंबईहून महाडला येणारा कामगार उलट्या बाजूने तेच करतो. चैत्यभूमी आणि क्रांतिभूमी या दोन टोकांना थेट जोडणारी स्वस्त गाडी होती, ती मध्येच तोडली. कोणी मुद्दाम आपल्याविरुद्ध कट केला असे आम्ही म्हणत नाही. त्यापेक्षा वाईट घडले आहे. निर्णय घेताना आपण कोणाला आठवलोच नाही. इथे मध्येच उतरायची पाळी नेहमी त्याच्यावर येते ज्याचा आवाज निर्णयाच्या टेबलापर्यंत पोचत नाही.

काही मित्र म्हणतील, "आम्हाला बुलेट ट्रेन नको, वंदे भारत नको." आमचे तसे म्हणणे नाही. बाबासाहेब यंत्राचे, विजेचे, आधुनिकतेचे समर्थक होते. बैलगाडीचे गोडवे गाणाऱ्यांना त्या बैलगाडीत कोण बसू शकत होता हे मसूरच्या रस्त्याने दाखवून दिले आहे. रेल्वेच्या डब्याने निदान तिकीट काढणाऱ्याला जागा दिली. आम्हाला वेग हवा आहे. पण तो पनवेलहून थेट खेडला उडी मारणारा आणि मधल्या माणसाला फक्त वारा देणारा वेग नको.

काय करायचे?

पहिले. पॅसेंजर दादरपर्यंत गेली पाहिजे. एकदम जमत नसेल तर तारीख सांगा, आणि तोवर ६ डिसेंबर, १४ एप्रिल, २० मार्च आणि २५ डिसेंबर या दिवसांच्या आगेमागे तरी ती थेट चालवा. निवेदन प्रत्येक गावातून गेले पाहिजे. यात मराठा, कुणबी, मुस्लीम, कोळी सगळे बरोबर येतील, कारण दिव्याला उतरताना कोणाची जात विचारत नाहीत.

दुसरे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर दरवर्षी अनुसूचित जातीचे आणि बौद्ध विद्यार्थी बाहेर जातात. त्यांची मंजुरी व्हिसाच्या तारखा आणि विद्यापीठाची फी भरायची मुदत लक्षात घेऊन वेळेत निघाली पाहिजे. उशिरा आलेली शिष्यवृत्ती म्हणजे सुटलेली गाडी. अभ्यास अर्धा सोडून परतावे लागण्याचे दुःख काय असते ते १९१७ चे वर्ष सांगते.

तिसरे आपल्यासाठी. कागदाला कंटाळू नका. बारावी झाली की पासपोर्ट काढा. नाव आणि जन्मतारीख सगळ्या दाखल्यांवर एकसारखी आहे का ते आजच पाहा. लंडनला शिकायला जाणाऱ्याने लक्षात ठेवावे की ब्रिटनच्या व्हिसावर पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमला जाता येत नाही. त्यासाठी शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो, जून २०२४ पासून त्याची फी ९० युरो आहे आणि अर्ज प्रवासाच्या निदान १५ दिवस आधी करावा लागतो. या माहितीअभावी स्टेशनवरून परत फिरायची वेळ आपल्या कोणावर येऊ नये. ज्यांच्या घरात तीन पिढ्या परदेशी गेल्या त्यांना हे जेवता जेवता कळते. आपल्याला ते एकमेकांना सांगावे लागेल.

चौथे. आपले हक्क पाठ करा. देशभर मुक्तपणे फिरण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये आहे. विहिरी, तलाव, हॉटेल, रस्ते यांत भेदभाव नाही हे अनुच्छेद १५ सांगतो, आणि त्या ओळींमागे चवदार तळे उभे आहे. परदेशी जाण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सतवंत सिंग प्रकरणात सांगितले आणि १९७८ च्या मनेका गांधी निकालाने पक्के केले. पासपोर्ट ही सरकारची मेहेरबानी नाही.

लंडनमध्ये ज्या सेंट पँक्रस स्टेशनातून युरोस्टार सुटते, ते स्टेशन आणि १० किंग हेन्रीज रोडवरचे बाबासाहेबांचे घर हे दोन्ही एकाच कॅम्डेन भागात आहेत. विद्यार्थी असताना १९२१-२२ च्या काळात ते तिथे राहिले. महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतले आणि २०१५ मध्ये तिथे स्मारक झाले. आमचा मित्र परतल्यावर तिथे जाऊन आला आणि फोटो पाठवला. खाली एवढेच लिहिले होते, "दिव्याला न उतरता इथपर्यंत यायला आपल्याला शंभर वर्षं लागली."

काकांना तो फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पाहिला आणि म्हणाले, "बरं, त्या दादरच्या गाडीचं निवेदन लिहिलंत का? आणा, पहिली सही माझी."

निवेदन लिहून झाले आहे. तुमच्या गावाची सही बाकी आहे.

जय भीम! जय भारत!